गर्भपिशवीच्या तोंडाला टाका: घालून घ्यायचा की वाट पाहायची?

प्रश्न: मी २९ वर्षांची आहे, नाशिकला सिडकोत राहते आणि एका खासगी शाळेत शिकवते. पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा आठव्या आठवड्यात बाळाचे ठोकेच आले नाहीत, क्युरेटिंग करावं लागलं. दुसऱ्या वेळी सगळं व्यवस्थित चाललं होतं. विसाव्या आठवड्यात दोन दिवस खाली जड-जड वाटत होतं आणि चिकट पांढरं जास्त जात होतं. पोटात दुखत नव्हतं, लालही नव्हतं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले तर पिशवीचं तोंड चार सेंटीमीटर उघडलंय आणि पाणमोट खाली आलीय असं सांगितलं. त्याच रात्री बाळ गेलं. आता पुन्हा दिवस आहेत, नववा आठवडा चालू आहे. एक डॉक्टर म्हणतात, तेराव्या आठवड्यात टाका घालून घ्या. दुसऱ्या डॉक्टर म्हणतात, दर दोन आठवड्यांनी आतून सोनोग्राफी करू, तोंडाची लांबी कमी झाली तरच टाका घालू. सासूबाईंचं म्हणणं, टाका घाला नाहीतर नका घालू, नऊ महिने पलंगावरून उतरायचं नाही. टाक्याने बाळाला इजा होते का? नंतर सिझरच करावं लागतं का? बाळंतपणाला माहेरी कळवणला जायचं ठरलंय, ते चालेल का? माझ्या नणंदेला जुळी आहेत, तिनेही टाका घालून घ्यावा का?

– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर:

ताई, विसाव्या आठवड्यात बाळाची हालचाल जाणवायला लागलेली असते. अशा वेळी ते गमावणं किती जड गेलं असेल, याची आम्हाला कल्पना आहे. एक गोष्ट आधी सांगतो. जिना चढल्यामुळे, शाळेत उभं राहिल्यामुळे किंवा रिक्षात बसल्यामुळे ते झालं नाही. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. आणि या वेळी तुम्ही नवव्या आठवड्यातच विचारलंत, म्हणजे ठरवायला पुरेसा वेळ हातात आहे.

दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून घाबरू नका. दोघांपैकी कुणीही चुकीचं सांगत नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा निकष असा की, चौथ्या ते सहाव्या महिन्यात कळा न येता, न दुखता तोंड उघडून एकदा जरी गर्भ गेला असेल, तरी पुढच्या वेळी आधीच टाका घालण्याचा विचार करता येतो. ब्रिटनच्या संघटनेचा निकष जास्त कडक आहे. तिथे असं तीन किंवा अधिक वेळा झालेलं असेल तर आधीच टाका, एक-दोनदा झालं असेल तर सोनोग्राफीने लक्ष ठेवायचं आणि लांबी घटली तर टाका. या कडकपणामागे १९९३ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात सुमारे १३०० बायका होत्या आणि आधीच घातलेल्या टाक्याचा ठळक फायदा दिसला तो तीन किंवा अधिक वेळा असं घडलेल्या बायकांना. बाकीच्यांत पुष्कळ जणींना टाका घातला काय, न घातला काय, फरक पडला नसता. तुमच्या एका डॉक्टरांनी पहिला निकष धरलाय, दुसऱ्यांनी दुसरा.

मग तुमच्या बाबतीत काय? याचं उत्तर मागच्या वेळच्या कागदांत आहे. टाका उपयोगी पडतो तो एकाच प्रकारच्या घटनेत: पिशवीचं तोंड स्वतःच कमकुवत असतं, आतल्या वाढत्या वजनाने ते हळूहळू आखूड होतं, उघडतं, आणि पाणमोट खाली घसरते. कळा नंतर येतात, तोवर उशीर झालेला असतो. पण विसाव्या आठवड्यात बाळ जाण्याची कारणं इतरही असतात. आत जंतुसंसर्ग होऊन तोंड उघडतं, वार सुटून रक्तस्राव होतो, पाणमोट आधी फुटते, बाळात मोठा दोष असतो, कधी बाळाचे ठोके आधीच थांबलेले असतात. यातल्या कशातच टाका बाळ वाचवत नाही. संसर्गात तर तो नुकसान करतो, कारण जंतू आत कोंडले जातात.

तुम्ही सांगितलेलं चित्र पहिल्या प्रकाराशी चांगलं जुळतं: दोन दिवस जडपणा, चिकट स्राव, दुखणं नाही, तोंड चार सेंटीमीटर उघडं. तरी आठवणीवर न जाता या आठवड्यात जुन्या दवाखान्यातून सगळे कागद मिळवा. डिस्चार्ज कार्ड तर हवंच, शिवाय दाखल करतानाच्या तपासणीची नोंद हवी: किती उघडलं होतं, कळा होत्या का, ताप होता का, पाणमोट शाबूत होती की फुटलेली, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (संसर्गात वाढणारा रक्तातला घटक) किती. वार तपासायला पाठवली असेल तर तिचा रिपोर्ट सगळ्यात मोलाचा. त्यात संसर्गाची सूज लिहिलेली असेल तर चित्र बदलतं. पण इथेही एक मेख आहे: तोंड बराच वेळ उघडं राहिलं की योनीतले जंतू वर चढतात, म्हणजे संसर्ग हे कारण नसून परिणामही असू शकतो. म्हणून तारखा आणि तास महत्त्वाचे. बाळ कधी गेलं, त्याआधी ताप किंवा दुर्गंधी होती का, की दाखल झाल्यावर आली? अठराव्या-विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली असेल तर तिच्यात तोंडाची लांबी लिहिलेली आहे का, तेही पाहा. क्युरेटिंग कसं झालं, त्याचाही कागद जोडा. तोंड जोर लावून रुंदावलं गेलं असेल तर ते कमकुवत होऊ शकतं. तोंडाचा तुकडा काढण्याची, कोन बायोप्सीसारखी शस्त्रक्रिया कधी झाली असेल किंवा पिशवीत जन्मतः पडदा असेल, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा.

आमचं मत स्पष्ट सांगतो. कागदांतून हेच दिसलं की ताप नाही, रक्त नाही, कळा नाहीत, पाणमोट शाबूत आणि तोंड उघडं, तर १२ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान टाका घालून घेणं रास्त आहे. कागद अस्पष्ट असतील किंवा संसर्ग आधी दिसत असेल, तर सोनोग्राफीची वाट जास्त चांगली. त्या वाटेत धोका पत्करला असं समजू नका. मागे असं घडलेल्या बायकांनाही नियमित मोजलं तर निम्म्याहून अधिक जणींची लांबी शेवटपर्यंत टिकते, त्यांचा टाका वाचतो. मात्र ती वाट धरायची तर दर दोन आठवड्यांची तारीख चुकता कामा नये. परीक्षेचे पेपर, घरातलं लग्न, डॉक्टर सुट्टीवर, या कशासाठीही नाही. ते जमणार नसेल तर टाकाच बरा.

या सोनोग्राफीबद्दल थोडं नीट सांगायला हवं, कारण इथे चुका फार होतात. पोटावरून मोजलेली लांबी या कामाला धरू नका. पोटावरून नीट दिसावं म्हणून लघवीची पिशवी भरून ठेवतात, ती भरली की तोंड दाबलं जाऊन खोटं लांब दिसतं. मोजायचं ते आतून, लघवी करून आल्यावर. प्रोब (सोनोग्राफीची आत घालायची दांडी) तोंडावर दाबून धरला तरी लांबी खोटी वाढते, म्हणून चित्र दिसल्यावर प्रोब किंचित मागे घ्यायचा, आतल्या आणि बाहेरच्या तोंडामधलं अंतर तीनदा मोजायचं आणि त्यातलं सगळ्यात कमी लिहायचं. तीन ते पाच मिनिटं थांबून पाहायला हवं, कारण तोंड काही वेळा डोळ्यांदेखत आखूड होतं. अर्ध्या मिनिटात उरकलेल्या मोजणीवर निर्णय घेऊ नये. गरोदरपणाच्या मध्यात ३० ते ४५ मिलीमीटर लांबी ठीक. २५ किंवा त्याहून कमी, आणि तीही २४ आठवड्यांच्या आत, म्हणजे तुमच्यासारख्या इतिहासात टाक्याची वेळ आली. आतली बाजू नरसाळ्यासारखी उघडलेली दिसली तर ते लिहून घ्या, पण निर्णय उरलेल्या बंद भागाच्या लांबीवर होतो. पहिली मोजणी सोळाव्या आठवड्याला, काही डॉक्टर चौदाव्यापासून करतात. मग दर दोन आठवड्यांनी २४ पर्यंत. लांबी २५ ते २९ मध्ये आली तर दर आठवड्याला. आतून केलेल्या सोनोग्राफीने बाळाला काही होत नाही आणि तोंड उघडत नाही. दर वेळी फॉर्म एफ (गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालचा अर्ज) भरून सही द्यावी लागेल, ओळखपत्र सोबत ठेवा.

या वाटेवर सोबत योनीमार्गे घ्यायचं प्रोजेस्टेरॉन दिलं जाऊ शकतं: साधारण २०० मिलीग्रॅमची कॅप्सूल, रोज रात्री, १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करून ३४ ते ३६ पर्यंत. लांबी कमी आढळली तर टाका की प्रोजेस्टेरॉन, हाही पर्याय डॉक्टर समोर ठेवतील. दर आठवड्याला दंडात किंवा कमरेत घेण्याचं हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटचं इंजेक्शन मात्र वेगळं. पुढच्या मोठ्या अभ्यासात त्याचा फायदा दिसला नाही म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. तेच लिहून दिलं असेल तर का, हे विचारा.

टाका घालायचा ठरला तर पुढच्या चार आठवड्यांचा क्रम असा ठेवा. बाराव्या आठवड्याच्या आसपास एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी) आणि त्याच दिवशी डबल मार्करचं, म्हणजे बाळातल्या दोषाची शक्यता सांगणाऱ्या चाचणीचं रक्त. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, आणि बाळात गंभीर दोष नाही हे टाक्याआधी कळायला हवं. टाका घातल्यावर ते कळलं तर दुहेरी यातना होतात. लघवीची नुसती तपासणी न करता कल्चर (जंतू वाढवून पाहणारी तपासणी) करा, कारण लक्षण नसतानाही संसर्ग असू शकतो. योनीतला स्राव तपासून घ्या, काही निघालं तर आधी औषधाचा कोर्स पूर्ण करा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तर होतीलच. रक्तगट निगेटिव्ह असेल तर मागच्या दोन्ही वेळी अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का, तेही जुन्या कागदांत शोधा.

आता प्रत्यक्ष टाका. मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ मध्ये या शस्त्रक्रियेचं वर्णन केलं, तेव्हा ते मांडीतल्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी वापरत. गोव्यात जन्मलेल्या या सर्जनचं नाव आज जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत घेतलं जातं. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत दिली, आणि आज बहुतेक ठिकाणी तीच होते. शिरोडकर पद्धतीत योनीची त्वचा पुढे-मागे छेदून, लघवीची पिशवी वर सरकवून टाका उंचावर घालतात. मॅकडोनाल्डमध्ये छेद नसतो.

सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी डॉक्टर सांगतील तोवर घेता येतं. पाठीच्या मणक्यात भूल देतात, तुम्ही जाग्या असता. दोन्ही पाय वर बांधून, लघवीची पिशवी रिकामी करून, तोंडाची पुढची आणि मागची कड मऊ चिमट्यांनी धरतात. मग जाड दोरा किंवा ५ मिलीमीटर रुंद पट्टी तोंडाभोवती चार-पाच ठिकाणी ओवतात, जमेल तेवढी वर, जिथे योनीची त्वचा तोंडाला मिळते तिथे. घड्याळाच्या तबकडीवर बाराच्या जागेपासून सुरुवात करतात आणि तीन व नऊच्या जागा टाळतात, कारण तिथे रक्तवाहिन्या असतात. सुई तोंडाच्या मांसातून जाते, आतल्या पोकळीत उतरत नाही, म्हणून ती पाणमोटेपर्यंत पोहोचत नाही. शेवटी बटव्याची नाडी ओढावी तसा दोरा आवळून पुढच्या बाजूला गाठ मारतात. दोऱ्याची टोकं दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवतात, पुढे काढताना हाताला लागावीत म्हणून. सगळं अर्ध्या तासाच्या आसपास. आधी आणि नंतर बाळाचे ठोके पाहतात. दोरा गुळगुळीत एकेरी असावा की विणलेली पट्टी, यावर बरीच चर्चा व्हायची. ब्रिटनमध्ये दोन हजारांवर बायकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळ गमावण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसला आहे तो दोरा चांगला.

बाळाला इजा होते का, हा तुमचा प्रश्न. बाळाला टाका लागत नाही. धोके आहेत ते असे: घालताना पाणमोट फुटणं, रक्तस्राव, नंतर संसर्ग, टाका खाली घसरणं, आणि टाका आत असतानाच जोरात कळा सुरू झाल्या तर तोंड फाटणं. बाराव्या-चौदाव्या आठवड्यात, तोंड बंद असताना घातलेल्या टाक्यात पाणमोट फुटण्याचा धोका कमी असतो. तोंड उघडून पाणमोट बाहेर डोकावल्यावर घातलेल्या तातडीच्या टाक्यात तो बराच वाढतो. तिथे डोक्याकडची बाजू खाली करून, लघवीची पिशवी भरून किंवा कॅथेटरचा फुगा फुगवून पाणमोट वर ढकलावी लागते. तरीही कळा, रक्तस्राव किंवा संसर्ग नसेल तर तो तातडीचा टाका सरासरीने महिनाभर वेळ मिळवून देतो, आणि बाविसाव्या आठवड्यात तो महिना सोन्याच्या मोलाचा असतो. म्हणून लक्षण दिसलं की उद्यावर ढकलू नका.

टाक्यानंतर भूल उतरेपर्यंत झोपून राहायचं, लघवी नीट होते का पाहायचं, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. दोन-तीन दिवस गुलाबी डाग, हलकी कळ चालते, पॅरासिटामॉल घेता येतं. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका. पांढरं पुढे थोडं जास्तच जातं, कारण आत दोरा आहे. घाण वास, हिरवट रंग किंवा पाण्यासारखी धार नसेल तर ठीक. चार-पाच दिवस घरी आराम करून मग रोजची कामं सुरू करा. ‘कळा येऊ नयेत म्हणून’ महिनोन्‌महिने आयसॉक्सुप्रीनच्या गोळ्या देण्याची पद्धत आपल्याकडे रुजली आहे. त्या लांबलचक कोर्सने गर्भ टिकतो असं सिद्ध झालेलं नाही, छातीत धडधड मात्र होते.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांच्या बोलण्यात काळजी आहे, पण नऊ महिने पलंगावर पडून राहिल्याने टाका टिकतो किंवा बाळ टिकतं, हे कुठल्याही चांगल्या अभ्यासात दिसलेलं नाही. उलट पायाच्या नसांत गुठळी होण्याचा धोका वाढतो, स्नायू गळतात, साखर चढते, मन खचतं. त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. काही गोष्टी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाळा: भरलेला गॅस सिलिंडर सरकवायचा नाही, पाण्याचा हंडा किंवा धान्याचं पोतं उचलायचं नाही, सलग तासन्‌तास उभं राहायचं नाही. शाळेत खुर्ची मागून घ्या, फळ्यावरचं लिहिणं कमी करा. भारतीय पद्धतीच्या संडासात बसल्याने टाका तुटत नाही. पण कुंथणं टाळा. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला कडक होते, तेव्हा भरपूर पाणी प्या आणि लागल्यास रात्री इसबगोल घ्या. नवरा-बायकोचे संबंध टाक्यानंतर काही आठवडे टाळा, पुढचं डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका. खड्ड्यांमुळे तोंड उघडत नाही, रिक्षाने तपासणीला जायला हरकत नाही.

घरातल्या प्रत्येकाला माहीत असावीत अशी लक्षणं: पाण्याची धार किंवा सतत ओलं राहणं, लाल किंवा तपकिरी जाणं, ताप (१००.४ फॅरनहाइट किंवा जास्त), घाण वासाचा स्राव, ठराविक वेळाने पोट घट्ट होणं, लाटेसारखी येणारी कंबरदुखी. आणि तुमच्यासाठी खास, मागच्या वेळचीच दोन: खाली जड वाटणं आणि अचानक वाढलेला चिकट स्राव. ‘दुखत नाही, मग सकाळी बघू’ हे तुमच्या बाबतीत कधीही नको. त्याच तासाला निघा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते, १०२ ची सेवा खास गरोदर मातांसाठी आहे.

कुठे जायचं, हे आजच ठरवून ठेवा. टाका घालणारे डॉक्टर लहान नर्सिंग होममध्ये असतील तरी हरकत नाही, पण २४ आठवड्यांनंतर काही झालं तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच पोहोचायला हवं. बाळ पोटात असतानाच तिथे जाणं हे जन्मल्यानंतर पेटीतून नेण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय आणि आडगावचं वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तुम्हाला जवळ आहेत. खासगीत जाणार असाल तर व्हेंटिलेटर आहे का आणि किती आठवड्यांपासूनची बाळं तिथे सांभाळतात, हे आधी जाऊन विचारा. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तपासण्या, औषधं, सिझर आणि रक्त मोफत आहे, खर्चाच्या भीतीने उशीर करू नका. २४ ते ३४ आठवड्यांत वेळेआधी बाळंतपणाची चिन्हं दिसली तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात (डेक्सामेथासोन ६ मिलीग्रॅम, बारा तासांच्या अंतराने चार), त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. म्हणून तासांची किंमत आहे.

सिझर करावंच लागतं असं नाही. खालून घातलेला टाका ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान काढतात आणि नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं. मॅकडोनाल्डचा टाका ओपीडीतच, बहुधा भूल न देता, पाच-दहा मिनिटांत निघतो. शिरोडकरांचा त्वचेखाली पुरलेला असेल तर भूल लागते. काढताना गाठ चिमट्याने धरून खाली ओढतात आणि गाठीखालचा एकच पदर कापतात, मग सगळा दोरा सरकून बाहेर येतो. दोन्ही पदर कापले गेले तर उरलेला दोरा आत दडतो आणि शोधताना त्रास होतो. टाका काढला की लगेच कळा सुरू होतील असं समजून दवाखान्याची बॅग भरून बसू नका, बऱ्याच जणींना पुढे एक-दोन आठवडे काही होत नाही. सिझर दुसऱ्या कारणाने ठरलं असेल तर त्याच वेळी टाका काढतात. त्याआधी खऱ्या कळा सुरू झाल्या, रक्तस्राव थांबेना किंवा संसर्ग दिसला, तर आठवडा कुठलाही असो, टाका काढावाच लागतो. पाणी गेलं असेल आणि आठवडे कमी असतील तर स्टेरॉइडचा परिणाम व्हावा म्हणून डॉक्टर कधी दोन दिवस थांबतात.

म्हणूनच कळवणबद्दल सरळ सांगतो: सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून माहेरी जायचं, हे या वेळी नको. कळवणहून वणी-दिंडोरीमार्गे नाशिकला यायला दोन तासांच्या आसपास लागतात, आणि तुमची गोष्ट तासांचीच आहे. डोहाळजेवण नाशिकलाच करा, आईला इकडे बोलवा. टाका निघाल्यावर, ३७ आठवड्यांनंतर, जायचंच असेल तर डॉक्टरांशी बोलून जाता येईल.

तुम्ही कुठेही असा, डिस्चार्ज कार्डवर पाच गोष्टी लिहून घ्या: टाक्याची तारीख, पद्धत, दोरा कुठला, गाठ घड्याळाच्या कितीच्या जागी, आणि काढण्याचा आठवडा. दोन टाके घातले असतील तर ‘दोन’ असं ठळक. त्याचा फोटो तुमच्या आणि यजमानांच्या फोनमध्ये ठेवा. टाका आहे हे न कळता दुसऱ्या दवाखान्यात कळांवर कळा घेऊ दिल्या तर तोंड फाटतं. आणि दोनपैकी एकच काढला तर दुसरा राहून जातो.

नणंदबाईंचं चित्र अगदी वेगळं आहे. नुसती जुळी आहेत म्हणून ‘खबरदारी’चा टाका घालू नये, त्याचा फायदा दिसलेला नाही. जुळ्यांमध्ये केवळ तोंडाची लांबी २५ मिलीमीटरच्या खाली गेली म्हणून टाका घालण्याचीही शिफारस नाही. मागे एकट्या बाळाच्या वेळी तुमच्यासारखं घडलेलं असेल किंवा आता तोंड प्रत्यक्ष उघडलेलं आढळलं, तरच त्यांच्या डॉक्टरांशी टाक्याबद्दल बोलावं.

आणखी एक पर्याय तुम्ही ऐकाल: पोटातून, आता बहुतेकदा दुर्बिणीने, घालायचा टाका. तो आता तुमच्यासाठी नाही. खालचा टाका घालूनही बाळ लवकर गेलेल्या बायकांसाठी तो राखून ठेवलेला आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात अशा बायकांपैकी पोटातून टाका घातलेल्या ८ टक्के बायकांचं बाळंतपण ३२ आठवड्यांच्या आत झालं, तर पुन्हा खालूनच नेहमीचा टाका घातलेल्यांचं ३३ टक्के. फरक मोठा आहे. पण तो टाका आत तसाच राहतो आणि बाळंतपण सिझरनेच करावं लागतं, आणि शक्यतो तो दिवस राहण्याआधी घालतात.

या वेळी टाका घातला आणि बाळ पूर्ण दिवसांचं झालं, तर पुढच्या वेळी पुन्हा याच वेळेला, बाराव्या आठवड्याच्या आधी डॉक्टरांना गाठायचं. टाका दर गरोदरपणात नव्याने घालावा लागतो, जुना टिकून राहत नाही. आणि उद्या सकाळचं काम एकच: जुन्या दवाखान्याच्या नोंदणी काउंटरवर तुमच्या दाखल झालेल्या केसपेपरची प्रत मागणारा लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या.